कागदाएवढी फट

शनिवारी दुपारी अडीचला
किसननगरच्या पालिका शाळेतला
दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग आमचा होतो.
मी टेबलावर पिशवी उपडी करते :
मेलेल्या प्रिंटरची चाकं, मिक्सरचं कपलर,
खेळण्यातल्या जेसीबीची आतडी,
सायकलचे स्पोक, आइस्क्रीमच्या काड्या.
"मॅडम, हे भंगार आहे," सातवीतला मुस्तकीम म्हणतो.
त्याच्या अब्बांचं मिक्सर-दुरुस्तीचं दुकान आहे,
त्याला ठाऊक असणार.

सव्वीस वर्षं मी दात मोजले.
वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर बावीसला,
हॉबिंग मशीनवरून तेलात न्हालेले गिअर
माझ्यापुढे यायचे
आणि मी व्हर्नियर लावून सांगायचे, पास. नापास.
सासूबाई म्हणायच्या, दात कोरून पोट भरत नाही.
आमचं भरलं.
मग कंपनीच गेली.
तिथे आता काचेची इमारत आहे, रात्रभर जागी,
आणि गेटवरचा वॉचमन मला नाव विचारतो.

आज यंत्राला रॅम्प चढायचाय,
शाळेच्या दारातला, सिमेंटचा, चार ढांगांचा.
मोटर नुसती पळते, जोर नाही.
फळ्यावर काढते : लहान चाक, त्याला लागून मोठं.
लहान्याने पाच फेऱ्या मारायच्या
तेव्हा कुठे मोठं एकदा वळणार.
वेग द्यायचा, जोर घ्यायचा.
"आमच्या आईचं पण तसंच," हर्षाली मढवी म्हणते.
कसं, ते सांगत नाही.

जोडलं. बटण दाबलं.
घर्र… आणि दातखीळ.
दुर्वांकने दोन्ही गिअर एकमेकांत
असे रेटून बसवलेत, जणू कोणी पळवून नेणार आहे.
"सैल ठेवलं तर निसटेल ना?"

मी पर्समधून बसचं तिकीट काढते,
सकाळचं, घडी पडलेलं,
दातांमध्ये सारते. आता आवळ स्क्रू.
मग तिकीट अलगद ओढून घेते.
राहिली ती फट. डोळ्याला दिसत नाही,
चाकांना कळते.
आमचे लोटलीकर फोरमन
सिगारेटच्या पाकिटातला कागद लावायचे,
म्हणायचे, बाई, लोखंड तापलं की फुगतं,
त्याला जागा ठेवायची.
स्वतः मात्र तापले की कुणाला जागा ठेवायचे नाहीत.

खाली दारात नेलं. चाललं.
उलटं.
रॅम्पकडे पाठ करून
थेट शिपाईमामांच्या चपलांवर.
सगळी पोरं दात काढून हसतात, मामासुद्धा.

मी खडू घेऊन तिथेच उकिडवी बसते,
फरशीवर काढते, दोघांच्या मध्ये तिसरं चाक.
हे वेग वाढवत नाही, जोरही नाही,
फक्त शेवटच्याची दिशा फिरवतं.
"म्हणजे बेकार?" मुस्तकीम विचारतो.

चौदा वर्षं आमच्या घरात
हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारलेला नाही.

मी उत्तर जुळवतेय तोवर
हर्षालीने बॅटरीच्या लाल-काळ्या वायरींची
अदलाबदल करूनही टाकली.
चाक नको, खडू नको.
यंत्र सरळ.

एक ढांग. दोन. तिसरीला जरा डळमळतं.
चौथीच्या तोंडाशी घरघरत उभं राहतं,
पुढे सरत नाही, मागे घसरत नाही.
हात लावायचा नाही, असं कुणी सांगितलेलं नाही
तरी कुणी लावत नाही.

सगळे तिकडे बघताहेत.
मुस्तकीम तेवढा फरशीवर,
ते मधलं, उरलेलं चाक बोटांत फिरवत ओठ हलवतोय.
"एकोणीस, मॅडम. नाही, वीस."
पुन्हा मोज, मी म्हणते,
आणि खडूचा तुकडा त्याच्या हातावर ठेवते.
पहिल्या दाताला खूण कर आधी.
नाहीतर कुठून सुरुवात केली
तेच सापडत नाही.